बस्ता, पैठणी, चुडा, सोनं, भांडी: संभाजीनगरच्या जुन्या शहरात खरेदी कशी करावी

जालना, बीड, परभणीकडून लग्नाच्या खरेदीला संभाजीनगरला आलेल्या मंडळींची ठरलेली चूक अशी: सकाळी पैठण गेटला उतरायचं, समोरच्या दुकानात टॉवेल-टोप्यांत दुपार घालवायची आणि शालू निवडायचा संध्याकाळी सातला, दिव्यांच्या उजेडात. घरी जाऊन अंगणात पदर उलगडला की राणी रंग जांभळट दिसतो, मोरपंखी नुसता निळा निघतो. तोवर पिशवीत बिल असतं आणि बिलावर शिक्का असतो, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

म्हणून क्रम आधी ठरवा. रंगाची खरेदी सकाळी उन्हाच्या उजेडात, वजनाची दुपारी डोकं थंड असताना, ओझ्याची सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं याच क्रमाने सांगितलं आहे.

बाजाराची रेषा

जुन्या शहरातला मुख्य बाजार जवळजवळ एका रेषेत आहे. पैठण गेटातून आत टिळक पथ, टिळक पथ संपला की गुलमंडी, तिथून मछली खडकावरून सिटी चौक, आणि सिटी चौकातून सराफ्यातून शहागंज. शहागंजचा घड्याळाचा मनोरा दिसला की तुम्ही दुसऱ्या टोकाला आलात. सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर, पायी करायचंच अंतर. सुपारी हनुमानाचं मंदिर ही गुलमंडीवरची खूण. चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून तेच सांगून ठेवा, कारण गर्दीत फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही.

मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठण गेट जवळ आहे, रिक्षाने दहा मिनिटं. स्वतःची गाडी असेल तर ती गेटाच्या आत नेऊ नका. टिळक पथावर दोन्ही बाजूंना दुचाक्या, मध्ये हातगाड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. शंभर पावलांना वीस मिनिटं लागतात आणि पुढे उभी करायला जागा नसते. गाडी बाहेर लावा, एका माणसाला परतीच्या ओझ्यासाठी तिथे बोलवता येईल एवढं पाहा.

दुकानं दहा-साडेदहाला उघडायला लागतात, पण कापडाच्या दुकानात गाद्या झाडून, माल लावून, बोहनी होईपर्यंत अकरा वाजतात. अकरा ते दीड ही सगळ्यात चांगली वेळ. मे महिन्यात दुपारी बाहेर ऊन भाजून काढतं, तेव्हा दोन ते चार दुकानाच्या आतच बसता येईल असं काम ठेवा. रमजानच्या शेवटच्या दिवसांत सिटी चौक ते शहागंज संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गुलमंडीची तीच गत. लहान मूल आणि म्हातारं माणूस त्या दिवसांत सोबत आणू नये. स्वच्छतागृहांची वानवा आहे. बसस्थानकावर किंवा बस्त्याच्या मोठ्या दुकानात ती सोय करून घ्या, पुढे शहागंजपर्यंत अवघड होतं.

बस्ता

बस्त्याला दोन्हीकडची पाच-सात माणसं गादीवर बसतात, चहा येतो आणि साड्यांचा ढीग उंच होत जातो. इथे पैसे जातात ते महाग साडीत नाही, न मोजलेल्या आहेरात जातात. घरून निघायच्या आधी कागदावर तीन रकाने करा: कोणाला, काय, किती रुपयांपर्यंत. नवरीच्या साड्या वेगळ्या, मानाच्या साड्या वेगळ्या (विहीणबाई, करवली, आत्या, मावशी, मामी), आहेराच्या साड्या वेगळ्या, पुरुषांची टॉवेल-टोपी आणि कापडं वेगळी. आहेराच्या आकड्यावर पन्नासामागे पाच जास्तीचे धरा. ऐनवेळी आठवणारी चुलत जाऊ असतेच.

आहेराच्या साड्या गठ्ठ्याने घेताना दुकानदार वरची साडी उलगडून दाखवतो. तुम्ही गठ्ठ्याच्या मधल्या चार-पाच काढायला सांगा. सहावारी साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस जोडलेला असेल तर त्याचे ८० सेंटीमीटर वेगळे, म्हणजे एकूण ६ मीटर ३० सेंटीमीटर. स्वस्त मालात साडीच सव्वापाच मीटरची असते, किंवा ब्लाउजपीस साडेपाचातच धरलेला असतो. नेसल्यावर निऱ्या कमी पडतात तेव्हा ते कळतं. काउंटरवर मीटरपट्टी असते, मोजून द्या म्हणायला लाजू नका. नऊवारी म्हणजे नऊ वार, ८ मीटर २० सेंटीमीटरच्या आसपास. आजी उंच असेल तर मोजूनच घ्यावी.

पुरुषांच्या कापडात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंची पन्ह्यात शर्टाला १.६० मीटर आणि पँटला १.२० मीटर पुरतं. पन्हा ३६ इंची असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. आहेराच्या डब्यातला शर्टपीस अरुंद पन्ह्याचा आणि १.६० मीटरचाच निघाला तर शिंपी परत पाठवतो.

भाव कसा करायचा? एकेका साडीवर घासाघीस करून फार मिळत नाही. सगळा बस्ता एका दुकानात घेणार असाल तर ते आधी बोलू नका. मानाच्या साड्या निवडा, त्यांचा भाव ठरू द्या, आणि मग आहेराचा आकडा सांगा. 'भाऊ, साठ आहेत, आता शेवटचं सांगा' याला वजन असतं. बदलून देण्याची बोली तोंडी ठेवू नका. किती दिवसांत, टॅग न काढता, बिलासह बदलून मिळेल हे बिलाच्या मागे लिहून घ्या. फॉल-पिकोला एक-दोन दिवस लागतात, लगीनसराईत आठवडाही जातो. ब्लाउज शिवायला पंधरा दिवस हाताशी हवेत. बाहेरगावच्यांनी फॉल-पिको गावातच करावं. त्यासाठी पुन्हा फेरी मारणं म्हणजे वाचवलेले पैसे एसटीला देणं.

पैठणी आणि हिमरू: उलटी बाजू बघा

पैठणी या जिल्ह्याची, पैठणची. शहरापासून पैठण पन्नासेक किलोमीटर. हातात दिवस असेल आणि खरी हातमागाची घ्यायची असेल तर पैठणला जाऊन माग चालू असताना बघून घ्यावी. शहरात घ्यायची तर दुकानदाराला एकच सांगा, पदर उलटा करून दाखवा.

हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, पोपट, आसावलीची वेल ही नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी, धागा धाग्यात अडकवून विणलेली असते. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच दिसते. मागच्या बाजूला एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत ओढलेले लांब धागे दिसले, किंवा ते कापून टाकल्याच्या झुपक्या दिसल्या, तर ती यंत्रमागाची किंवा जेकार्डची साडी. विणणाऱ्याची चूक झालेली ही साडी नव्हे, ती विणायची पद्धतच वेगळी. अशा साड्यांना बाजारात 'सेमी पैठणी' म्हणतात आणि त्या दोन-चार हजारांपासून मिळतात. ती घेण्यात काही वावगं नाही, सेमीच्या भावात घेतली तर. पदराच्या मागे जाळीचं अस्तर लावून शिवलेलं असेल तर कोपरा उसवून दाखवायला सांगा. अस्तराखाली हेच धागे लपलेले असतात.

काठही बघा. जुन्या पद्धतीच्या पैठणीत काठ आणि अंग वेगळ्या कांड्यांनी विणून सांध्यावर एकमेकांत गुंतवतात, म्हणून अंगाचा रंग काठात मिसळत नाही. सांध्यावर बोट फिरवलं की बारीक दातेरी कड हाताला लागते. रेशमाची खात्री करायची तर पदराच्या टोकाच्या दशांतला एक धागा तोडून मागा आणि जाळा: रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, मागे राख उरते आणि ती बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क ही दोन लेबलं असतील तर उत्तम. पण सिल्क मार्क फक्त रेशमाचं सांगतो, हातमागाचं सांगत नाही. एक लेबल दाखवून दोन्ही खात्र्या देणारे बरेच भेटतात.

साध्या पदराची पैठणीसुद्धा विणायला महिना-दीड महिना घेते, भरजरी पदराला सहा महिने आणि त्याहून जास्त. एवढ्या मजुरीचा हिशेब मनात केला की 'हातमागाची, अस्सल, पाच हजारांत' ही पाटी वाचून किती थांबायचं ते कळतं.

हिमरूचा नियम याच्या अगदी उलट आहे आणि इथेच पर्यटक फसतात. हिमरूत ताणा (उभे धागे) सुती आणि नक्षीचा जादा बाणा (आडवा धागा) रेशमी (आता पुष्कळदा कृत्रिम रेशमाचा). नक्षीसाठी लागत नाही तेव्हा तो धागा मागे मोकळा सोडलेला असतो. म्हणून हिमरूच्या उलट्या बाजूला सुट्या धाग्यांचा थर दिसतो आणि तो तसाच असायला हवा; शालीला ऊब त्यानेच येते. दोन्ही बाजूंना गुळगुळीत, पातळ, कागदासारखी शाल 'हिमरू' म्हणून दाखवली तर ती बाहेरून आलेली यंत्रमागाची शाल असते. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर इकडे आले अशी या कलेची परंपरा सांगतात. आता हातमागावर हिमरू विणणारे फार थोडे उरलेत. जाफर गेट भागात चौकशी करा आणि माग बघायला मागा. रिक्षावाला स्वतःहून 'साब, हिमरू फॅक्टरी दिखाता' म्हणून नेतो त्या दुकानात त्याचा कमिशनचा हिस्सा तुमच्या बिलातच असतो.

रंग पसंत करताना साडी दुकानाच्या दारापर्यंत न्यायला सांगा. चांगला दुकानदार एका पोराला पदर धरून उंबऱ्यावर उभा करतो. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

जेवण आणि चुडा

दीडच्या सुमाराला कापडाचं काम आटपलं की गुलमंडीवर थांबा. गोड खाणाऱ्याने इमरती खावी, गरम असताना. मांसाहारी असाल तर शहागंजकडे नान-खलिया, इथली खास गोष्ट: पिवळसर तर्रीचं मटण आणि जाडसर नान. नव्या कपड्यांच्या पिशव्या मात्र मांडीवर घेऊन खाऊ नका, तर्रीतल्या हळदीचा डाग पैठणीवरून जात नाही.

बांगड्यांची दुकानं गुलमंडी-सिटी चौकाच्या गल्ल्यांत आहेत. नवरी सोबत नसेल तर माप नेल्याशिवाय जाऊ नका. काचेच्या बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं आणि ते इंच व इंचाचे सोळावे भाग असं सांगतात. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, ५७ मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे ६० मिलिमीटरच्या किंचित वर, दोन-आठ म्हणजे साडेत्रेसष्ट. नेहमी हातात बसणारी एक बांगडी पट्टीवर ठेवून आतला व्यास मोजा. चुडा डझनाने घ्याल तेव्हा दोन-चार बांगड्या जादा घ्या, भरतानाच फुटतात. हातात घेऊन हळूच वाजवा: तडा गेलेली बांगडी बद्द वाजते.

सराफा

आता सोनं. चारच्या आधी सराफ्यात पोचावं, संध्याकाळी दुकानं भरली की कारागिराकडे आणि काट्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. बाहेरच्या पाटीवरचा मोठा आकडा बहुधा २४ कॅरेटचा असतो. दागिना २२ कॅरेटचा, म्हणजे ९१.६ टक्के सोन्याचा. आणि बाजारात आता तोळा म्हणजे १० ग्रॅम, जुना ११.६६ ग्रॅमचा नव्हे. आजीच्या काळातल्या 'पाच तोळ्यांच्या' पाटल्या मोडायला आणल्या असतील तर हा फरक मनात ठेवा.

दागिन्यावर तीन खुणा भिंगातून पाहा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, २२के९१६ अशी शुद्धता, आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. फोनवर बीआयएस केअर अ‍ॅप उघडून तो क्रमांक टाका. कोणत्या प्रकारचा दागिना आणि किती शुद्धता ते समोर येतं. गळ्यातल्या हाराचा क्रमांक टाकल्यावर 'अंगठी' दिसली तर उठून यायचं. दोन ग्रॅमच्या आतल्या बारीक वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे नथ-मुरणी विश्वासाच्या ठिकाणीच घ्या.

बिल असं तपासा. समजा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि दागिन्याचं निव्वळ वजन १२.४०० ग्रॅम. सोन्याचे १,२४,०००. मजुरी १२ टक्के धरली तर १४,८८०. बेरीज १,३८,८८०. त्यावर ३ टक्के जीएसटी ४,१६६ रुपये ४० पैसे. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा १८ टक्के कर, ५३ रुपये १० पैसे. एकूण १,४३,०९९ रुपये ५० पैसे. यापेक्षा जास्त आकडा आला तर तो बहुधा मजुरीत असतो, किंवा वजनात. खडे, मीना, मंगळसूत्राचे काळे मणी यांचं वजन एकूण वजनातून वजा झालं पाहिजे. बिलावर एकूण आणि निव्वळ असे दोन्ही आकडे लिहून घ्या. मजुरीवर घासाघीस चालते, सोन्याच्या भावावर चालत नाही. 'भावात शंभर कमी करतो ताई' म्हणणारा मजुरीत ते भरून काढतो.

दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात दुकानदाराला घेता येत नाही, आणि दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं. पॅनची प्रत घरून आणा. जुनं सोनं मोडून नवं घेत असाल तर आधी मोडीचा भाव आणि घट किती धरली ते कागदावर घ्या, मग नवा दागिना निवडा. उलट केलं की नव्या दागिन्याच्या सवलतीत मोडीची घट दिसेनाशी होते. ऑर्डरच्या दागिन्याला आठ ते पंधरा दिवस धरा, आणि भाव ऑर्डरच्या दिवसाचा की नेण्याच्या दिवसाचा हे पावतीवर लिहा.

सोनं घेतल्यावर दोघांनी सरळ निघावं. तयार दागिना घेतलेल्या माणसाने भांड्यांच्या दुकानात थांबू नये.

भांडी आणि आठवडी बाजार

बाकीच्यांनी कासारी बाजार करावा. पितळ-तांब्याची भांडी किलोवर मिळतात, म्हणून जाड बुडाचं भांडं महाग पडतं आणि तेच टिकतं. काठ दोन बोटांत दाबून बघा, पत्रा लवला तर रुखवतात मांडायला ठीक, चुलीवर ठेवायला नाही. चुंबक खिशात ठेवा: पितळ-तांब्याला ते चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतं. पातेल्यात आमटी किंवा चिंचेचं काही करणार असाल तर आत कल्हई हवीच, नाहीतर आंबटाने भांडं कळकतं आणि पोटाला त्रास होतो. कल्हई केलेलं घेताना आत पांढरा चकचकीत थर सगळीकडे सारखा आहे का, कडेला पिवळं तर उघडं नाही ना, ते पाहा.

रविवारी आला असाल तर जाफर गेटचा आठवडी बाजार, गुरुवारी छावणीचा. मसाल्याची मिरची घेताना मूठभर उचलून हलवा, वाळलेली खुळखुळते. मऊ, चिवट मिरचीत ओल असते. वजन जास्त भरतं आणि महिन्याभरात बुरशी येते. ज्वारी मूठभर हातात घेऊन फुंकर मारा, पीठ उडालं तर आत सोंडे आहेत. केशर आंबा मे-जूनचा, सीताफळ दिवाळीच्या मागेपुढे. इतर महिन्यांत त्या नावाने काही मिळालं तर त्याचा विचार करा.

ब्रँडेड कपडे, बूट, इलेक्ट्रॉनिक्स यांसाठी निराला बाजार, सिडकोतलं कॅनॉट किंवा प्रोझोन मॉल. तिथे भाव चिकटवलेला असतो आणि सांगण्यासारखं फार काही नाही. मोबाइलची दुकानं पैठण गेटलाच आहेत, पण जुना फोन घ्यायचा तर बिल आणि आयएमईआय जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

परतीला सगळे गठ्ठे एका जागी मोजा आणि प्रत्येकावर स्केचपेनने आकडा घाला, १/९, २/९ असे. बसच्या टपावर किंवा डिकीत चढवताना एक माणूस वर, एक खाली, आणि आकडे मोठ्याने म्हणत. शालूचा आणि पैठणीचा गठ्ठा टपावर नाही, मांडीवर.